आधी पैसे पाठवू नकोस

सांगली, रविवार रात्र

मुक्ता,

दुपारी ताईचा फोन आला. कुठल्याशा व्हॉट्सॲप ग्रुपवर भेटलेल्या मुलाकडून तू लॅपटॉप घेतेयस आणि तो उद्यापर्यंत चार हजार आगाऊ मागतोय, म्हणाली. मुलगा कुठला, कोण, तिला ठाऊक नाही. मी लावलेला फोन तू उचलला नाहीस, म्हणून हे लिहून फोटो पाठवतोय. पैसे पाठवले नसशील तर पाठवू नकोस. बाकीचं मग वाच.

‘मी लष्करात आहे, बदली झाली, म्हणून स्वस्तात काढतोय’ ही थाप ऐकून किती शिकलेली माणसं फसली! उद्या हा मुलगाही क्यूआर कोड पाठवेल, स्कॅन करून पिन टाक म्हणेल. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन टाकला की खात्यातले जातातच. आणि पाठवले असशील तर लाजत बसू नकोस, आत्ताच्या आत्ता १९३० ला फोन कर. जितका उशीर तितके ते पैसे हाती लागणं कठीण.

जुना घेतेयस याला माझा विरोध नाही. ऑफिसांतून तीन-चार वर्षांनी निघालेले थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक मी बँकेच्या नोकरीत जन्मभर उघडत आलोय. दुकानातल्या नव्या स्वस्त लॅपटॉपपेक्षा त्यांचा सांगाडा दणकट असतो. पण ‘आय-सेव्हन आहे’ एवढ्यावर तू भुललीस, हे मला पटलं नाही. तू संगणकशास्त्र शिकतेस ना? जनरेशन का विचारली नाहीस? ताईनं वाचून दाखवलेल्या मेसेजमध्ये ६६००यू होतं, म्हणजे सहावी जनरेशन आणि दोनच कोअर. आठव्या जनरेशनच्या साध्या आय-फाइव्हला, त्या ८२५०यूला, चार आहेत. विंडोज ११ इंटेलच्या साधारण आठव्या जनरेशनपासून पुढेच अधिकृतपणे चालतं आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. लिनक्स टाकून ते यंत्र चालेल, तुझ्या अभ्यासालाही पुरेल. पण मग किंमत त्या हिशेबानं हवी, आय-सेव्हनच्या नावानं नको.

खरी धास्ती वेगळीच आहे. यंत्र हातात घेऊन सुरू केल्याशिवाय ते कुणाचं आहे हेच कळत नाही. सुरू होतानाच बायोसमध्ये जायचं. लेनोव्होला एफ-१, डेलला एफ-२, एचपीला एफ-१०. तिथं पासवर्ड मागितला तर ठेवून उठायचं. ‘नंतर काढून देतो’ ऐकायचं नाही. काही कंपन्यांची यंत्रं त्यांच्या सर्व्हरशी बांधलेली असतात. विंडोज नव्यानं टाकून इंटरनेट जोडलं की पडद्यावर त्या कंपनीचं नाव येऊन लॉगिन मागतं. म्हणून तेही समोर करून दाखवायला सांग. बायोसमधला सिरियल नंबर, खालच्या स्टिकरवरचा आणि बिलावरचा, तिन्ही एकच हवेत. चोरीचा माल आहे असं वाटायला कारण असताना घेतला तर घेणाराही गुन्हेगार ठरतो. पूर्वी भारतीय दंडविधानात कलम ४११ होतं, आता न्याय संहितेत ३१७ आहे. हा मुलगा बिल देत नाही म्हणतो, आणि तू त्याला आधी पैसे पाठवणार?

बॅटरीचं तोंडी आश्वासन घेऊ नकोस. कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, पुढे स्लॅश देऊन बॅटरीरिपोर्ट टाइप केलंस की मूळ क्षमता आणि आता भरते ती, दोन्ही आकडे येतात. टचपॅड वर उचलल्यासारखा दिसला तर बॅटरी फुगलीय, चार्जरही लावू नकोस. रॅम आठ जीबी तरी हवी आणि वाढवता यायला हवी. थिंकपॅडच्या टी-४८० ला दोन स्लॉट आहेत, टी-४८०एसला एकच, बाकीची बोर्डवर सोल्डर केलेली. टी-४८० चं थंडरबोल्टचं फर्मवेअर अपडेट केलेलं नसेल तर यूएसबी-सीचा पोर्ट चार्जिंग घेईनासा होऊ शकतो, तेही बघायचं. बिजागऱ्या, कीबोर्ड, कॅमेरा तुझे तुला कळतील.

ताईनं आणखी एक सांगितलं. तुझ्या खोलीतल्या मुलीच्या आईकडून तिला कळलं. गेले दोन महिने तू रात्रीचा डबा बंद केलायस आणि हे पैसे त्यातून साठलेत. ताई फोनवर रडली. मला आधी रागच आला. यंदा अवकाळीनं बाग गेली, बेदाणा झाला नाही, दाजींना त्रास नको, हे तुझ्या मनात असणार. पण दाजींना न विचारताच तू त्यांचं उत्तर ठरवून टाकलंस.

मीही एकदा हेच केलं. माझ्या बारावीनंतर सांगलीत कॉम्प्युटरचा डिप्लोमा निघाला होता. फी मोठी, तुझ्या आजोबांचं, म्हणजे अण्णांचं कर्ज तुला माहीतच आहे. मी घरात तोंडच उघडलं नाही. अण्णा गेल्यावर आई म्हणाली, म्हैस विकल्याचे पैसे त्यांनी वेगळे ठेवले होते, मी मागेन म्हणून वाट बघत होते. पुढे मी हे काम दुसऱ्यांच्या हाताखाली शिकलो, त्याचं दुःख नाही. अण्णांना विचारलं नाही, हे मात्र अजून सलतं.

रागावून लिहिलं असेल तर मनावर घेऊ नकोस. तू काटकसरी आहेस, कुणापुढं हात पसरत नाहीस, याचा मला अभिमान आहे. तुझी परीक्षा कधी आहे ते मला कळव, त्याआधी यंत्र हातात येईल. शनिवारी सकाळी मी स्वारगेटला उतरतो. बिल आणि सहा महिन्यांची वॉरंटी देणारा माझा जुना ओळखीचा दुकानदार आहे, त्याच्याकडे दोघं जाऊ. तू बघ, तू निवड, मी नुसता शेजारी उभा राहीन. तुझे साठलेले पैसे तू दे, कमी पडतील ते मी घालतो, नोकरी लागल्यावर परत कर. दाजींना मी काही सांगणार नाही, ते तूच सांग.

त्या मुलाला ‘नको’ म्हणून कळव आणि उद्यापासून रात्रीचा डबा सुरू कर.

तुझा,
मामा