पाऊल शिकवणारे यंत्र

मूल चालू लागते तेव्हा ती गोष्ट आपोआप घडली असे घरातील सर्वांना वाटते. पांगुळगाड्याची दांडी धरून ते काही दिवस फिरते, मग भिंतीचा आधार घेते आणि एके दिवशी हात सोडून दोन पावले टाकते. या सहजतेमागे केवढे श्रम असतात याचे मोजमाप न्यूयॉर्क विद्यापीठातील संशोधकांनी केले व ते २०१२ साली प्रसिद्ध झाले. १२ ते १९ महिन्यांची मुले मोकळेपणी खेळत असताना तासाला सरासरी २,३६८ पावले टाकतात आणि १७ वेळा पडतात, असे त्यांना आढळले. चालणे ही अशा रीतीने हजारो आवृत्तींतून अंगवळणी पडणारी विद्या आहे. ज्या मुलाला पहिली दहा पावलेच टाकता येत नाहीत, त्याने या आवृत्ती करायच्या कशा, हा प्रस्तुत प्रकरणाचा विषय होय.

सेरेब्रल पाल्सी, म्हणजेच मेंदूचा पक्षाघात, हा एकच एक रोग नव्हे. गर्भावस्थेत, जन्मसमयी अथवा अगदी बालपणी वाढत्या मेंदूला इजा झाल्यामुळे शरीराच्या हालचालींत व ठेवणीत जे कायमचे दोष राहतात, त्यांच्या समूहाला हे नाव दिले जाते. मेंदूतील इजा पुढे वाढत नाही. परंतु शरीर वाढत असते, आणि ताठरलेल्या स्नायूंची वाढ हाडांच्या वाढीशी मेळ राखू शकत नाही. त्यामुळे व्यंग वयाबरोबर बळावल्यासारखे दिसते.

लंडनचे शल्यचिकित्सक विल्यम जॉन लिटल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या अवस्थेचे पद्धतशीर वर्णन केले आणि तिचा संबंध अवघड प्रसूतीशी जोडला. १८९७ साली सिग्मंड फ्रॉइड यांनी वेगळी शंका उपस्थित केली. अवघड प्रसूती हे पुष्कळदा मूळ कारण नसून गर्भातच आधी झालेल्या बिघाडाचे ते लक्षण असू शकेल, असे त्यांचे म्हणणे होते. पुढील संशोधनाने या मताला बरीच पुष्टी दिली आहे. बाळंतपणात काही चुकले म्हणून आईला अथवा सुईणीला बोल लावण्याआधी हे ध्यानात घेतलेले बरे.

या मुलांमध्ये परस्परांत फार मोठे अंतर असते. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाशी संबंधित तज्ज्ञांनी १९९७ साली हालचालींच्या क्षमतेनुसार त्यांचे पाच स्तर ठरवले. पहिल्या स्तरातील मूल चालते, जिना चढते; केवळ वेग व तोल यांत ते थोडे उणे पडते. तिसऱ्या स्तरातील मुलाला चालण्यासाठी काठी, कुबड्या किंवा चौकट हातात धरावी लागते. पाचव्या स्तरातील मुलाला मान सावरणेही कठीण जाते. कोणत्याही उपचाराचा विचार करताना तो कोणत्या स्तरातील मुलासाठी आहे, हा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे.

यंत्राची कल्पना ज्या संशोधनातून उगवली ते मात्र मांजरांवर झाले होते. १९११ साली ब्रिटिश शास्त्रज्ञ टॉमस ग्रॅहॅम ब्राउन यांनी दाखवून दिले की, पाय आलटून पालटून हलवण्याचा मूळ ताल पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूतच निर्माण होऊ शकतो. पुढे १९८० नंतरच्या दशकात कॅनडातील माँट्रियल येथील संशोधकांनी मज्जारज्जू तोडलेल्या मांजरांना फिरत्या पट्ट्यावर नित्य सराव दिला, तेव्हा त्यांचे मागचे पाय पुन्हा पावले टाकू लागले. माणसाच्या चालण्यात मेंदूचा वाटा याहून पुष्कळ मोठा आहे, आणि आपल्या मुलांच्या बाबतीत इजा झालेली असते ती मेंदूलाच. तरीही सरावाने चेतासंस्था बदलू शकते, हा धडा मोलाचा ठरला. रुग्णाला पट्ट्यांनी वरून तोलून धरायचे, त्याचे काही वजन कमी करायचे आणि खालच्या फिरत्या पट्ट्यावर त्याचे पाय चालवायचे, अशी पद्धत त्यातून आली.

या पद्धतीत उपचारतज्ज्ञाची कंबर मोडत असे. दोन्ही बाजूंना एकेकाने वाकून बसायचे आणि प्रत्येक पाऊल हाताने उचलून पुढे ठेवायचे. काही वेळातच हात भरून येत, पावले असमान पडू लागत आणि सराव थांबवावा लागे. स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे बालग्रिस्ट विद्यापीठ रुग्णालयात गेरी कोलोम्बो व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम यंत्राकडे सोपवले. त्यातून ‘लोकोमॅट’ हे यंत्र तयार झाले. पुढे मुलांच्या आखूड पायांच्या मापाचे यंत्रही आले, आणि २००७ साली झुरिकमधूनच त्याच्या बालरुग्णांवरील वापराचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला.

यंत्राची रचना समजण्यास कठीण नाही. मुलाच्या अंगावर पट्ट्यांचे जाकीट चढवून त्याला उभे टांगतात. दोन्ही पायांना बाहेरून जोडलेल्या चौकटीत खुबा व गुडघा यांच्यापाशी विजेवर चालणाऱ्या मोटारी असतात. पाऊल फरफटू नये म्हणून ते लवचिक पट्ट्यांनी उचलून धरलेले असते. संगणक सांध्यांचे कोन व पट्ट्याचा वेग यांचा मेळ घालतो. किती वजन उचलायचे, किती वेगाने चालवायचे व यंत्राने किती जोर लावायचा, हे तज्ज्ञ ठरवतो. हाताने शक्य नसलेली शेकडो सारखी पावले अशा रीतीने एका बैठकीत पडतात.

येथेच या उपचाराचा कच्चा दुवाही आहे. यंत्र पाय हलवत असेल आणि मूल नुसते टांगलेले असेल, तर चालते ते यंत्र! मेंदू शिकतो तो स्वतः केलेल्या प्रयत्नातून व झालेल्या चुकीतून. म्हणून मुलाची प्रगती होईल तसतसा यंत्राचा जोर कमी करत नेणे आवश्यक असते. समोरच्या पडद्यावर खेळ मांडलेला असतो व मुलाने पायात जोर आणला तरच त्यातील पात्र पुढे सरकते. ही सोय केवळ करमणुकीसाठी नसून उपचाराचाच भाग आहे. शिवाय टांगलेल्या अवस्थेत तोल सांभाळण्याची कसोटी फारशी लागत नाही, आणि जमिनीवर चालण्यात अर्धे कौशल्य तर तोलाचेच असते.

मग लाभ किती? आजवरच्या अभ्यासांचा सांगावा संयमी आहे. यांत्रिक साहाय्याने चालण्याचा सराव मुळीच सराव नसण्यापेक्षा बरा. त्याने चालण्याच्या वेगात थोडी सुधारणा होते. परंतु तितकाच वेळ जमिनीवर चालण्याचा सराव दिला, तर वजन तोलून धरणारे यंत्र त्याहून निश्चितपणे सरस ठरते असे दिसलेले नाही. सांधे कायमचे आखडलेले असतील, हाडे ठिसूळ असतील किंवा कातडीवर जखमा असतील, तर हा उपचार टाळावा लागतो.

संशोधन अर्थातच पुढे चालले आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील संशोधकांनी २०१७ साली गुडघे वाकवून चालणाऱ्या ७ रुग्णांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. अंगावर घालण्याच्या या चौकटीतील मोटार योग्य क्षणी गुडघा सरळ करण्यास साहाय्य करत होती. ७ पैकी ६ जणांची ठेवण सुधारली आणि त्यांचे स्वतःचे स्नायूही कामातून अंग काढून घेताना दिसले नाहीत. थोड्याच रुग्णांवरील हा प्रयोग असला, तरी वर सांगितलेल्या कच्च्या दुव्यावर उपाय शक्य आहे, असे तो सुचवतो.

भारतात या मुलांच्या शिक्षणाला मिठू अलूर यांनी मुंबईत सुरू केलेल्या शाळेने चालना दिली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अवस्थेचा स्पष्ट उल्लेख आहे. महागडी यंत्रे मोजक्या शहरांतच असणार, आणि पोटाला चिमटा घेऊन तेथवर जावे की नाही, हा प्रश्न अनेक आईबापांपुढे उभा राहणार. वरील विवेचनावरून त्यांना एवढे सांगता येईल की, यंत्र नसले म्हणून मुलाचे सर्वस्व बुडत नाही. लवकर निदान, मुलाला स्वतः करावासा वाटेल असा रोजचा सराव आणि जाणत्या तज्ज्ञाचे मार्गदर्शन यांना पर्याय नाही. तसेच जे मूल चाकांच्या खुर्चीतूनच शाळेत जाईल, त्याला तेथवर पोचण्याचा रस्ता मोकळा असणे हेही उपचाराइतकेच महत्त्वाचे आहे.