हुसेन सागरचा फेरा : धावता धावता वाचायची वाट



हैदराबादेत सकाळी पळायला जाणाऱ्यांना विचारा, कुठे जाता? दोन-तीन उत्तरं ठरलेली असतात. त्यातलं एक हमखास हुसेन सागर. तळ्याला पूर्ण फेरा मारला की साधारण दहा किलोमीटर भरतात. पाणी एका बाजूला, वारा मोकळा, रस्ता बहुतेक सपाट.

आता वाङ्मय मंडळाच्या अंकात पळण्यावर लेख कशाला, असं कुणी विचारेल. कारण या वाटेवर कवी उभे आहेत, एक-दोन नाही, चांगले डझनभर. आणि आपण मराठी मुलं त्यांच्यासमोरून जातो ती नावंही न वाचता. घरी मराठी, वर्गात इंग्रजी, रस्त्यावर हिंदी-उर्दू, एवढ्यात आपलं भागतं. ज्या भाषेच्या शहरात आपण राहतो ती तेलुगू मात्र बसच्या पाटीपुरती उरते. म्हणून हा धडा. यात पायही वापरायचे आहेत आणि डोळेही.

१. सुरुवात बागेतून

तळ्यावर थेट न जाता नामपल्लीच्या पब्लिक गार्डन्समधून निघा. हिचं जुनं नाव बाग-ए-आम. निजामाच्या काळात, १८४६ मध्ये ही बाग झाली. 'आमसभा', 'आमजनता' या शब्दांत आपण जो 'आम' वापरतो तोच हा. म्हणजे 'पब्लिक' हे इंग्रजी नाव म्हणजे जुन्या नावाचं सरळ भाषांतर. आत जुनी झाडं आहेत, राज्य संग्रहालय आहे, १९१३ चा ज्युबिली हॉल आहे आणि शेजारी विधानसभेची पांढरी इमारत. इथे सावलीत सावकाश एक-दोन फेऱ्या मारून अंग मोकळं करा. मग रवींद्र भारतीवरून तळ्याकडे वळा. हा तुकडा गर्दीचा असतो, तेव्हा फूटपाथ सोडू नका आणि कानात गाणी नकोत.

२. आधी नाव वाचा

तळ्याच्या पूर्वेचा जो लांब रस्ता तो टँक बंड. ऐकायला पक्कं इंग्रजी. पण 'बंड' म्हणजे फारसी 'बंद', आपल्या 'बांधा'चा सख्खा भाऊ. आणि 'टँक'ची व्युत्पत्ती देताना इंग्रजी शब्दकोश पोर्तुगीज शब्दाबरोबर गुजराती-मराठीतल्या 'टाक्या'चाही उल्लेख करतात. नाव साहेबी, हाडं इथली.

नावातच इतिहासही आहे. हे तळं निसर्गाने दिलेलं नाही. इब्राहिम कुली कुतुबशहाच्या काळात, १५६२ च्या सुमारास, हुसेन शाह वली यांच्या देखरेखीखाली बांध घालून ते तयार केलं. म्हणजे चारमिनारपेक्षा आणि खुद्द हैदराबाद शहरापेक्षा हे तळं जुनं आहे. शहर १५९१ चं. उस्मान सागर आणि हिमायत सागर होईपर्यंत शहराला पाणी मुख्यतः इथूनच मिळायचं. आपण ज्याच्यावरून पळतो तो रस्ता मुळात पाणी अडवायची भिंत आहे, हे लक्षात ठेवा.

३. तेहतीस पुतळे, एक संग्रह

१९८० च्या दशकात एन. टी. रामाराव मुख्यमंत्री असताना बांधावर पुतळे बसवले गेले. एकूण तेहतीस. बांध साधारण दोन किलोमीटरचा, म्हणजे दर साठ-सत्तर मीटरला एक असा ढोबळ हिशेब. नवीन पळणाऱ्यांना हे सोयीचं आहे. एका पुतळ्यापासून दुसऱ्यापर्यंत पळायचं, तिसऱ्यापर्यंत चालायचं आणि चालताना नाव वाचायचं. दम टिकतो आणि अभ्यासही होतो.

आता काही नावं घेऊ.

नन्नय, तिक्कन आणि एर्रन या तिघांना मिळून 'कवित्रय' म्हणतात. तिघांनी मिळून महाभारत तेलुगूत आणलं. नन्नयांनी अकराव्या शतकात सुरुवात केली, बाकी दोघांनी नंतरच्या काळात काम पुरं केलं. तेलुगूचा आदिकवी म्हणून ज्याला मान आहे तो असा संस्कृतातून आणणारा आहे. भाषांतराला दुय्यम समजणाऱ्यांनी या तीन पुतळ्यांपुढे जरा थांबावं.

मोल्ला ही कुंभाराची लेक. तिने तेलुगूत रामायण लिहिलं. आपल्याकडे गोरोबा कुंभार आहेत, जनाबाई आहे. मोल्लाचं नाव मात्र आपल्यापैकी किती जणांनी ऐकलंय?

गुर्रम जाषुवा यांचा जन्म १८९५ चा. घर ख्रिस्ती, पण गावाने अस्पृश्यच मानलेलं. त्यांच्या 'गब्बिलम्' या काव्याचं नाव म्हणजे वटवाघूळ. कालिदासाच्या यक्षाने ढगाला दूत केलं. जाषुवांचा नायक जातीमुळे देवळाबाहेर ठेवलेला आहे. तो वटवाघळाला सांगतो, शंकराला माझं दुःख कळव. कारण वटवाघळाला गाभाऱ्यात लटकायला कुणी अडवत नाही, माणसाला अडवतात. पंढरपूरच्या देवळासमोर चोखोबांची समाधी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

मख्दूम मोहिउद्दीन उर्दूचे कवी आणि तेलंगणाच्या लढ्यातले कार्यकर्ते. तेलुगू पुतळ्यांच्या रांगेत उर्दू कवी, हेही हैदराबादच.

सुरवरम प्रताप रेड्डी 'गोलकोंडा पत्रिके'चे संपादक. तेलंगणात तेलुगू कवीच नाहीत, असं कुणीतरी लिहिलं. त्यांनी वाद घालत न बसता १९३४ मध्ये ३५४ कवींचा संग्रह छापून समोर ठेवला. महाराष्ट्राबाहेर मराठी अंक काढणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे उत्तर पाठ करून ठेवावं.

आणि शालिवाहन! गुढीपाडव्याला ज्याचं नवं शक आपण मोजतो तोच. पैठणची आठवण इथे बांधावर तेलुगू मंडळींत उभी आहे. पाहुणा म्हणून नाही, घरचा म्हणून.

पण कुठल्याही संग्रहात कुणाला घेतलं आणि कुणाला वगळलं हा प्रश्न येतोच. तेलंगणाच्या आंदोलनात, १० मार्च २०११ च्या 'मिलियन मार्च'च्या वेळी, यातले काही पुतळे फोडले गेले. रांगेत आंध्र किनाऱ्याकडची माणसं जास्त आणि आमची कमी, हा राग त्यामागे होता. पुतळे पुढे पुन्हा बसवले. पुतळा फोडणं मला पटत नाही. पण आपलं नाव यादीत नसल्याचं दुखणं खरं असतं, आणि सुरवरमांनी त्याच दुखण्याला पुस्तकाने उत्तर दिलं होतं. दोन्ही उत्तरं याच बांधावर आहेत.

४. पाण्याकडे बघा

बांध संपला की डावीकडे वळून उत्तर काठाने संजीवय्या पार्क लागतं. दामोदरम संजीवय्या आंध्र प्रदेशचे पहिले दलित मुख्यमंत्री. इथे झाडी आहे, पायाला जरा मऊ जमीन मिळते. तळ्याच्या मध्ये बुद्ध दिसतो. एकाच दगडातला, साधारण अठरा मीटरचा. १९९० मध्ये तराफ्यावरून नेताना तो पाण्यात पडला आणि सोबतच्या काही माणसांचा जीव गेला. दोन वर्षांहून अधिक काळ मूर्ती तळाशी होती. १९९२ च्या डिसेंबरात ती उभी राहिली. फोटो काढताना त्या माणसांची आठवण असू द्या.

उन्हाळ्यात या बाजूला वास येतो, ते लपवण्यात अर्थ नाही. कित्येक वर्षं नाल्यांतून सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणी तळ्यात येत राहिलं. एके काळी शहर जे पाणी पीत होतं त्याच्या काठावर आज नाकाला रुमाल लावायची वेळ येते. वाट सुंदर ठेवायची तर पाणी आधी.

५. परतीची वाट : उलट दिशेचा पूल

पश्चिमेचा नेकलेस रोड. २०२१ पासून याचं नाव पी. व्ही. नरसिंह राव मार्ग. त्यांची समाधीही इथेच आहे. पंतप्रधान म्हणून ते सगळ्यांना ठाऊक असतात. पण हरी नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' तेलुगूत नेणारे तेच. 'अबला जीवितम्' हे तेलुगू नाव. यमूचं दुःख तेलुगू घरांत पोहोचलं ते त्यांच्यामुळे. एका तेलुगू माणसाने मराठी शिकून एवढं केलं. आपण तेलुगू शहरात राहून उलट दिशेने काय नेलं, हा प्रश्न या रस्त्यावर मला दर वेळी टोचतो.

पुढे एन. टी. आर. मार्गाजवळ डॉ. आंबेडकरांचा १२५ फुटांचा पुतळा आहे, १४ एप्रिल २०२३ ला उघडलेला. घडवणारे राम सुतार मूळचे धुळे जिल्ह्यातले. 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत' ही मराठी पत्रं काढणाऱ्या संपादकाला इथे जरूर नमस्कार करा. इथून बांधाचं दक्षिण टोक समोर दिसतं आणि फेरा पुरा होतो.

काही व्यवहाराच्या गोष्टी

साडेपाचच्या आसपास निघा, उशीर झाला की ऊन आणि गाड्या दोन्ही वाढतात. रस्ता बराचसा डांबर-काँक्रीटचा, तेव्हा बुटाचा तळ झिजलेला नको. पहिल्यांदाच असाल तर फक्त बांध जाऊन-येऊन करा, चार किलोमीटर पुरेत. मुलींनी आणि नवख्यांनी दोघा-तिघांच्या गटाने जावं. पाण्याची बाटली सोबत ठेवा आणि रिकामी झाली की घरी आणा, तळ्यात नको.

स्वाध्याय

१. बांधावरच्या तेहतीसपैकी कोणतीही पाच नावं लिहून आणा आणि प्रत्येकाबद्दल दोन वाक्यं सांगा.
२. 'मेघदूत' आणि 'गब्बिलम्' यांतले दूत वेगळे का निवडले गेले? एका परिच्छेदात लिहा.
३. या रांगेत कोण असायला हवं होतं असं तुम्हाला वाटतं? कारणासह सांगा.
४. वर्गातल्या तेलुगू मैत्रिणीकडून किंवा मित्राकडून वेमनांचं एक पद्य ऐका, अर्थ विचारा आणि मराठीत उतरवा. वेमना तिकडे शाळेपासून पाठ असतात, विचारलंत तर आनंदाने सांगतील.

चौथ्याची उत्तरं मंडळाकडे पाठवा. पाच-सहा जरी जमली तरी पुढच्या अंकात त्यांचं एक पान करू.