चित्रपुस्तकातील रंगयोजना

मागील उपघटकात आपण बालकथेतील पात्रचित्रणाचा विचार केला. त्याच कथेचे चित्रपुस्तक होताना रंग कसे ठरतात, ते आता पाहू. हा प्रश्न केवळ चित्रकाराचा आहे, असे आपणांस वाटण्याचा संभव आहे. परंतु अक्षरओळख नसलेले मूल कथा चित्रांतूनच वाचते. म्हणून रंगयोजना हा कथनाचाच भाग ठरतो.

मुलांना भडक रंग आवडतात, हा समज आपल्याकडे दृढ आहे. परिणामी प्रत्येक पानावर सर्वच रंग सारख्याच जोराने पुढे येतात आणि नेमके कोणाकडे पाहावे, हे मुलाला उमगत नाही.

लिओ लिओनी यांचे 'लिटल ब्ल्यू अँड लिटल यलो' (१९५९) हे पुस्तक या संदर्भात बारकाईने पाहण्यासारखे आहे. त्यातील पात्रांना नाक-डोळे नाहीत, हात-पाय नाहीत. ती आहेत केवळ फाडलेल्या रंगीत कागदांचे तुकडे. निळा आणि पिवळा हे मित्र एकमेकांना मिठी मारतात आणि हिरवे होतात. घरी परतल्यावर आईवडीलही त्यांना ओळखत नाहीत. मग ते रडतात, तेव्हा त्यांचे अश्रू निळे आणि पिवळे असतात. आपल्याच माणसांनी आपल्याला न ओळखण्याची भीती लहान मुलालाही ठाऊक असते. येथे ती त्याच्यापर्यंत पोहोचते, ती एका हिरव्या तुकड्यामुळे. रंग काढून घेतले, तर ही कथाच उरत नाही.

प्रत्येक कथेत रंग इतका मध्यवर्ती नसतो. तरीही संहितेतील भाववळणे शोधून मगच रंग ठरवावेत. समजा, दुष्काळी गावातील पहिल्या पावसाची कथा आहे. सुरुवातीची पाने मातकट, राखाडी रंगांत ठेवून हिरवा रंग राखून ठेवता येईल. पहिल्याच पानावर हिरवे झाड आले, तर शेवटच्या हिरव्याचे मोल उणावते. अशा वेळी लेखकानेही 'हिरवेगार रान' असे लिहिण्याचा मोह टाळावा. चित्र ते सांगतेच आहे. चित्रकारासाठी टिपण लिहिताना मात्र पोपटी की शेवाळी, हे स्पष्ट करावे. मराठीत अशा शब्दांची वाण नाही.

एक व्यावहारिक बाब. बहुरंगी छपाई सामान्यतः निळसर, किरमिजी, पिवळा आणि काळा या चार शायांत होते. मजकूर केवळ काळ्या शाईत असल्यास दुसऱ्या भाषेतील आवृत्तीसाठी काळ्या शाईची प्लेट तेवढी बदलावी लागते. गडद चित्रावर पांढरी अक्षरे उठून दिसतात खरी. पण मग भाषांतराच्या वेळी इतर प्लेटही बदलाव्या लागून खर्च वाढतो.

स्वाध्याय : आपल्याजवळील एखाद्या चित्रपुस्तकातील दोन पानांची कृष्णधवल झेरॉक्स काढा. मुख्य पात्र पार्श्वभूमीत मिसळून गेले आहे काय, ते पाहा. तसे झाले असल्यास कोणता रंग फिका वा गडद करावा लागेल, ते कथेतील त्या प्रसंगाच्या आधारे दहा ओळींत लिहा.