नवा संगणक सुरू न झाल्यास

सोलापुरास भवानी पेठेत यंत्रमागाजवळ उभे राहिले असता एक गोष्ट ध्यानात येते. आडवा धागा तुटला की माग थांबावा, अशी योजना यंत्रातच केलेली असते. माग थांबला म्हणजे तो बिघडला असे नव्हे. जाणता विणकर अशा वेळी मागाची मोडतोड करीत नाही. धागा कोठे तुटला ते आधी पाहतो. शाळेचा नवा संगणक सुरू होत नाही, तेव्हा शिक्षकांनी हीच वृत्ती ठेवणे इष्ट आहे.

असा प्रसंग कल्पावा. एका द्विशिक्षकी शाळेने ग्रामस्थांच्या वर्गणीतून सुटे भाग घेऊन पेठेतच संगणक जुळवून घेतला. दुकानात तो चालला. टेम्पोतून तो गावी आणला, पालक जमले, बटण दाबले; पंखा फिरला, दिवा लागला, पडदा मात्र काळाच राहिला. ‘मदरबोर्ड जळला’ असे कोणीतरी बोलतो आणि वर्गणी बुडाल्याची कुजबुज सुरू होते. अशा वेळी गुरुजींनी चारचौघांत घाईने काही करून दाखविण्याच्या भरीस पडू नये. पालकांस चहा द्यावा, व शाळा सुटल्यावर शांतपणे कामास बसावे.

प्रथम लक्षण नीट ओळखावे. यंत्र अगदीच निपचित असेल, तर भिंतीवरील जोडणी, एसएमपीएसच्या पाठीमागील लहान बटण, मदरबोर्डवरील २४ टाचण्यांची मोठी जोडणी व दर्शनी बटणाच्या बारीक तारा पाहाव्यात. पंखा क्षणभर फिरून थांबत असेल, तर कोठेतरी वीज भलत्या मार्गाने जात असण्याचा संभव असतो. बोर्डाखाली एखादा सुटा स्क्रू राहिला तरी असे होते. येथे एसएमपीएस स्वतःहून थांबतो, तो त्या मागाप्रमाणेच.

वरील प्रसंग मात्र तिसऱ्या प्रकारचा आहे. पंखे फिरतात, चित्र येत नाही. यंत्र दुकानात चालले होते, ही येथे मोठीच खूण होय. मग वाटेत काय बदलले? भाग सहसा जळत नाहीत. हिसक्यांनी सैल होतात. म्हणून प्रथम रॅम पाहावी. ती काढून, कडेच्या खटक्याचा आवाज होईपर्यंत सरळ दाबून पुन्हा बसवावी. पट्ट्या दोन असल्यास एकच ठेवून पाहावे. त्यानंतर प्रोसेसरजवळची चार किंवा आठ टाचण्यांची १२ व्होल्टची स्वतंत्र जोडणी तपासावी. ती सुटली तरी पंखे फिरतात, पण प्रोसेसर काम करीत नाही. ग्राफिक्स कार्ड असल्यास पडद्याची तार त्या कार्डासच जोडावी. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेरीस ‘एफ’ असते, त्यात चित्राची सोय नसते. अशा यंत्रात तार मदरबोर्डास जोडली तर पडदा काळाच राहणार. रॅम डीडीआर-५ जातीची असेल, तर प्रथम सुरू होताना काही मिनिटे थांबावे लागते. अधीर होऊन पुनःपुन्हा बटण दाबू नये.

एवढ्यानेही न भागल्यास प्रोसेसर, त्यावरील पंखा, रॅमची एक पट्टी व आवश्यक असल्यास ग्राफिक्स कार्ड एवढेच ठेवावे. डिस्कही काढावी, तिच्यावाचून आरंभीचे बायोसचे पान दिसू शकते. ते दिसल्यावर एकेक भाग परत जोडावा. एका वेळी एकच बदल करावा व तो वहीत टिपावा. दोन बदल एकदम केले तर यंत्र चालू होईल, पण दोष कोणता होता ते कळणार नाही. सातवीच्या मुलांकडून ही टिपणे ठेवविल्यास प्रयोगवहीपेक्षा ती अधिक आवडीने लिहितात.

प्रत्येक वेळी हात घालण्यापूर्वी तार भिंतीपासून काढावी व पेटीच्या उघड्या धातूस स्पर्श करावा. एसएमपीएस मात्र कदापि उघडू नये. वीज बंद केल्यावरही त्यात भार साठून राहतो. प्रोसेसरच्या जागेतील टाचणी वाकलेली दिसल्यास तेथेच थांबून दुकान गाठावे. त्यासाठी पावती व हमीपत्र पहिल्याच दिवशी जडसंग्रह नोंदवहीस जोडून ठेवावे. भाग खरोखरच सदोष निघाला, तर हमीच्या मुदतीत तो बदलून मागताना हेच कागद दाखवावे लागतात.