बाग लावणं सोपं, मे महिन्यात जगवणं हा खरा धंदा: गार्डन मेंटेनन्सचं कोटेशन कसं काढायचं?



व्हिडिओत हिशोब जरा भराभर झाला, म्हणून इथे आकडे सविस्तर देतोय. वही-पेन घेऊन बसा.

आयटी पार्क, मोठ्या सोसायट्या, हॉटेलं, हॉस्पिटलं यांच्या बागा सांभाळणाऱ्या माणसाला हॉर्टिकल्चर मॅनेजर म्हणतात. अनेकांना वाटतं, त्याचं काम म्हणजे झाडांची नावं माहीत असणं. नावं लागतातच. पण त्याचं मुख्य काम पाणी, माणसं आणि पैसे यांचा मेळ घालणं. तुम्हाला या क्षेत्रात स्वतःची फर्म काढायची असेल, तर आधी असा विचार करायला शिका.

माझी चूक आधी सांगतो

पुण्याजवळच्या एका कॅम्पसचं काम मला मिळालं होतं. मी एक चक्कर मारली, एकूण चौरस फूट विचारले, दराने गुणलं आणि कोटेशन दिलं. करारात एक ओळ होती: "मेलेली रोपं कंत्राटदाराने बदलून द्यावीत." मी वाचली आणि सही केली.

एप्रिलमध्ये तिथली बोअर आटली. टँकर कोणी मागवायचा, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते म्हणाले, बाग तुमची जबाबदारी. हेज वाळलं, रोपं मी खिशातून बदलली आणि त्या महिन्यात माळ्यांचा पगार १२ दिवस उशिरा झाला. कुठल्या कोपऱ्यातला व्हॉल्व्ह गळतो हे ज्याला पाठ होतं, तो माझा सगळ्यात जुना माळी काम सोडून गेला. पैशाचा खड्डा वर्षभरात भरला. तसा माणूस पुन्हा मिळाला नाही.

म्हणून आजचा धडा एवढाच: कोटेशन चौरस फुटावर नाही, मे महिन्यावर काढायचं.

पायरी १: जागेचा पंचनामा करा

टेप आणि खुरपं घेऊन जा. लॉन किती, झुडपं आणि हेज किती, झाडं किती, हे वेगवेगळं मोजा. प्रत्येकाची मेहनत वेगळी आहे.

चार-पाच ठिकाणी खणून बघा. नव्या इमारतींत लॉनखाली बऱ्याचदा बिल्डरचा राडारोडा निघतो. पार्किंगच्या स्लॅबवरची बाग असेल तर माती किती खोल आहे ते पाहा. तिथे मोठं झाड लावून देण्याचं आश्वासन देऊ नका.

आधीच वाळलेल्या प्रत्येक जागेचा तारखेसह फोटो काढा, यादी करा आणि तिच्यावर क्लायंटची सही घ्या. ही यादी नसेल, तर आधीच्या कंत्राटदाराची मेलेली झाडं तुमच्या नावावर चढतात.

पायरी २: पाण्याचं गणित

सूत्र सोपं आहे. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर.

समजा लॉन १०,००० चौरस फूट आहे. म्हणजे साधारण ९३० चौरस मीटर. कडक उन्हाळ्यात रोजचे ५ मिलिमीटर धरू:

९३० × ५ = ४,६५० लिटर रोज. महिन्याला जवळपास १ लाख ४० हजार लिटर, म्हणजे १० हजार लिटरचे १४ टँकर.

टँकर १,५०० रुपयांना धरला तर २१,००० रुपये झाले. आणि हे फक्त लॉनचं!

म्हणून क्लायंटला पहिला प्रश्न हाच विचारा: "साहेब, मे महिन्यात पाणी कुठून येतं?" एसटीपीचं पाणी असेल तर त्याची क्षारता तपासून घ्या. आणि करारात लिहा की पाणी पुरवणं ही क्लायंटची जबाबदारी, देणं आमची.

पायरी ३: महिन्याचा खर्च

वरची लॉन धरून एकूण २०,००० चौरस फुटांची बाग आणि दोन माळी, असं उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या गावचे दर टाका.

- दोन माळी (पगार, पीएफ, ईएसआयसी, बोनस, रजेचा बदली माणूस धरून प्रत्येकी १८,०००): ३६,०००
- खत, औषधं: ४,०००
- मशीनचं पेट्रोल, ब्लेड, दुरुस्ती: ३,०००
- तुमच्या फेऱ्या: ३,०००
- रोपं बदलण्याची तरतूद: ४,०००

एकूण ५०,०००. त्यावर २०% लावून तुम्ही ६०,००० आणि जीएसटी असं कोटेशन देता. पण १०,००० म्हणजे ६०,००० च्या २०% नाही, १६.६७% आहे. मार्जिन विक्रीवर मोजायचं, हे विसरू नका.

आता पुढची गोष्ट. एप्रिलचं बिल तुम्ही मेच्या सुरुवातीला देता आणि ६० दिवसांच्या बोलीवर पैसे जुलैत येतात. तोपर्यंत एप्रिल, मे, जून असे तीन महिने तुम्ही चालवलेले असतात. म्हणजे या एका कामासाठी दीड लाख रुपये हाताशी हवेत. नसतील तर लहान काम घ्या. माळ्याचा पगार क्लायंटच्या चेकवर अवलंबून ठेवू नका.

पायरी ४: करारातल्या चार ओळी

१. पाणीटंचाई, बांधकाम, गाड्या किंवा जनावरांमुळे मेलेली रोपं बदलून मिळणार नाहीत. आमच्या हलगर्जीने मेलेली मिळतील.
२. किमान वेतनातला विशेष भत्ता वाढला की दर तेवढा वाढेल. महाराष्ट्रात तो वर्षातून दोनदा ठरतो.
३. झाड तोडायचं किंवा मोठी छाटणी करायची असेल तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी क्लायंट आणेल. शहरी भागात १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा लागू आहे. "सोसायटीने सांगितलं म्हणून तोडलं" हे उत्तर चालत नाही.
४. बिल कधी द्यायचं आणि पैसे किती दिवसांत यायचे, हे आकड्यात.

"एवढं लिहिलं तर काम हातचं जाईल," असं तुम्हाला वाटेल. काही जाईलही. पण पाण्याचा प्रश्न विचारल्यावर जो क्लायंट चिडतो, तो मे महिन्यात काय करेल, याचा विचार करा.

अनुभव नसेल तर?

एखाद्या फर्ममध्ये सुपरवायझर म्हणून एक वर्ष काढा. एक उन्हाळा आणि एक पावसाळा बघाच. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर भुंगेरे दिसले, की पुढे लॉनखाली हुमणी मुळं खाणार, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की विसरत नाही.

आजचा गृहपाठ

तुमच्या जवळच्या एका सोसायटीची बाग मोजा. तिथल्या माळीदादांना चहा पाजा आणि विचारा, "मे महिन्यात पाण्याचं कसं करता?" मग वरच्या पद्धतीने खर्च काढा आणि तुमचा आकडा कमेंटमध्ये लिहा. चूक असली तरी लिहा. इथे चुकलात तर काही खर्च होत नाही, सही केल्यावर चुकलात तर होतो.

भेटू पुढच्या व्हिडिओत.