सौर पंपाची निवड

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या चिरंजीवांनीं परसांतील तुळशीवृंदावनाजवळ एक लहानसें सौर कारंजें आणून बसविलें. ताटलीएवढी काळी प्लेट, तिच्यापासून निघालेली तार आणि पाण्यांत बुडविलेला मुठीएवढा पंप, इतकेंच तें यंत्र. भर दुपारीं हातभर उंच धार उडे. पण जास्वंदीच्या फांदीची सावली प्लेटवर आली कीं धार खालीं बसे. सायंकाळीं पाहुणे यावेत आणि कारंजें निजलेलें असावें, असें चार-पांच वेळां झाल्यावर घरांतील मंडळींनीं त्याचा नाद सोडला. आम्हांस मात्र त्यावरून एक गोष्ट नीट समजली. या यंत्रांत सांठवण मुळींच नाहीं. जितकें ऊन तितकें पाणी, आणि ऊन असेल त्याच वेळीं पाणी. विहिरीवर बसवावयाचा सौर पंप याच जातीचा, फक्त थोरला. तो निवडतांना आपले शेतकरी बंधु हें विसरतात, म्हणून आम्हीं हा लेख लिहावयास घेतला.

सन 2019 मध्यें केंद्र सरकारनें कुसुम योजना काढिली आणि 2024 मध्यें महाराष्ट्र सरकारनें ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ ही योजना जाहीर केली. सर्वसाधारण शेतकऱ्यानें किंमतीचा दहावा हिस्सा व अनुसूचित जातिजमातींच्या शेतकऱ्यानें विसावा हिस्सा भरावा, असें तींत ठरलें. अडीच एकरांपर्यंत जमीन असणारास 3 अश्वशक्तीचा, पांच एकरांपर्यंत 5 चा, व त्याहून अधिक असणारास 7.5 चा पंप, असें मान लाविलें गेलें. घोटाळा येथूनच सुरू होतो. जमीन सातबाऱ्यावर दिसते, म्हणून सरकार जमीन पाहतें. आमचीं नोकरीचीं वर्षें तेच उतारे लिहिण्यांत गेलीं. त्यावर ‘विहीर’ हा शब्द आम्हीं शेंकडों वेळां लिहिला असेल, पण ती वैशाखांत किती तास चालते हें लिहावयास रकाना कधीं सांपडला नाहीं. हक्क 7.5 चा आहे म्हणून 7.5 चाच पंप आणावयाचा, हा हिशेब विहीर मान्य करीत नाहीं. मानापेक्षां लहान पंप मागण्याची मुभा त्या योजनेंत ठेविली होती; तिचा उपयोग करणारा शेतकरी मात्र आम्हीं क्वचितच पाहिला.

सबब अर्जाच्या आधीं विहीर मोजावी. दिवस वैशाखाचा धरावा. पाणी उपसून तळ गांठावा, फुटाफुटावर गांठी मारलेला दोर सोडावा, आणि चोवीस तासांनीं पाणी किती चढलें तें पाहावें. गोल विहिरीचा व्यास 20 फूट असल्यास एक फूट पाणी म्हणजे सुमारें 8,900 लिटर होतें. चार फूट चढलें तर रोजची आवक सुमारें 35,600 लिटर झाली. दख्खनच्या काळ्या खडकांत पाणी मुरमांतून आणि दगडाच्या भेगांतून झिरपतें. मोठा पंप लाविल्यानें झरा मोठा होत नाहीं.

आतां पंपाची बाजू पाहूं. 1,000 लिटर पाणी 100 फूट उचलावयास, पंपाची व नळाची घट धरून, सुमारें एक पंचमांश युनिट वीज लागते. 3 अश्वशक्तीच्या पंपास सुमारें 3 किलोवॅटच्या प्लेटा असतात. त्या निरभ्र दिवशीं तेरा-चौदा युनिट वीज देतात. म्हणजे 100 फुटांवरून दिवसाला 65,000 लिटरांच्या आसपास पाणी निघेल. उंची दुप्पट झाली कीं पाणी निम्में. वरील विहिरींत दिवसाची आवक याच्या जवळजवळ निम्मी आहे. अशा विहिरीवर सहा एकरांच्या धन्यानेंहि 3 चाच पंप घ्यावा, असें आमचें स्पष्ट मत आहे. कोणी म्हणेल कीं पौषांत विहीर भरलेली असते. तें खरें आहे. ज्याचा सारा भर गहूं-हरभऱ्यावर आहे त्यानें पौषांत पुन्हां मोजावें आणि त्यावरून ठरवावें. पण बागायतदारास वैशाखाचाच आंकडा धरणें प्राप्त आहे. एका एकरास रोज 5 मिलिमीटर पाणी द्यावयाचें तर 20,000 लिटरांहून थोडें अधिक लागतें, एवढें ध्यानांत ठेविल्यास बाग किती लावावी हेंहि कळेल.

उंची मोजतांना विहिरीच्या कांठापर्यंत मोजून थांबूं नये. उन्हाळ्यांतील पाण्याच्या पातळीपासून शेताच्या सर्वांत उंच टोंकापर्यंत धरावें. ठिबक चालवावयाचें असल्यास त्याच्या दाबासाठीं आणखी सुमारें 33 फूट मिळवावे. ते न मिळविल्यामुळें शेवटच्या ओळींतील झाडें कोरडीं राहिल्याचीं उदाहरणें आमच्या पंचक्रोशींतच आहेत. उंच जागीं टांकी बांधून तींत दिवसभर पाणी घ्यावें व सायंकाळीं सोडावें, हा मार्ग आम्हांस अधिक पसंत आहे, कारण मग ढगांची फिकीर राहत नाहीं.

प्लेटांचें तोंड दक्षिणेकडे असावें व त्यांवर निंबाबाभळीची सावली पडूं नये. प्लेटा सांखळीसारख्या एकमेकींस जोडलेल्या असल्यामुळें एकीवरची सावली सर्वांस भोंवते. पुरवठादार निवडण्याची संधि असेल तर ज्याचा कारागीर तालुक्याच्या गांवीं राहतो तोच निवडावा.

शेवटीं सामाईक विहिरीविषयीं, कारण खरें भांडण तेथेंच होतें. आमच्या भावकींत तिघां भावांची एक विहीर आहे. विजेचा पंप होता तोंवर तासांची पाळी होती. सौर पंप बसल्यावर त्यांनीं तीच पाळी पुढें चालविली: थोरल्यास सकाळीं सात ते दहा, मधल्यास दहा ते एक, धाकट्यास एक ते चार. तास सर्वांस तीन-तीनच, पण सकाळच्या कोंवळ्या उन्हांत पंप नीट चालेचना. मधल्यास मिळे त्याच्या निम्मेंहि पाणी थोरल्याच्या वाट्यास येईना. त्याचा अर्ध्या एकराचा कांदा फाल्गुनांत वाळला, आणि दोघांचें बोलणें बंद झालें. दोघेहि आमच्याकडे स्वतंत्रपणें येऊन आपापली बाजू सांगून गेले. मधल्याचें म्हणणें असें कीं वडिलांच्या वेळची पाळी मोडावी कशाला.

आम्हीं सुचविलें तें असें. सौर पंपाची पाळी दिवसांनीं ठेवावी, तासांनीं ठेवूं नये. ज्याचा दिवस त्याचें सकाळपासून सायंकाळपर्यंतचें पाणी. ढगाळ दिवस कोणाच्या वांट्यास आला तर पुढला निरभ्र दिवस त्यासच द्यावा. हें ज्येष्ठांत मान्य झालें, पण कांदा गेला तो गेला. अर्जाबरोबर सहहिस्सेदारांची संमति द्यावी लागते. ती लिहून घेण्यास सर्वजण बसतील त्याच बैठकींत पाळीचाहि कागद करावा. त्यांत दिवस कोणाचे, ढगाळ दिवस कोणी ठरवावयाचा, कंट्रोलरच्या पेटीची किल्ली कोणाकडे राहील, आणि सकाळीं ऊन तापण्यापूर्वीं प्लेटा कोणी धुवाव्यात, हीं चार कलमें घालावीं व खालीं सर्वांच्या सह्या घ्याव्यात.