पासवर्ड चुकलेला नसतो

माकुणसारला राहून मी पालघर, केळवे, सफाळे ते थेट बोईसरच्या एमआयडीसीपर्यंत संगणकांची देखभाल करतो. शाळा, पतपेढ्या, सेवा केंद्रं, छोट्या कंपन्यांची ऑफिसं. सकाळी फोन वाजला की पलीकडून बऱ्याचदा एकच वाक्य येतं: "काल संध्याकाळपर्यंत चालत होता, आज पासवर्डच घेत नाही." अशा तक्रारींत पुष्कळदा पासवर्ड अगदी बरोबर असतो. बोटंही बरोबर बटणांवर पडत असतात. फक्त त्या बटणांतून निघणारी अक्षरं वेगळी असतात, आणि चौकटीत काळ्या टिंबांखेरीज काही दिसत नसल्यामुळे ते कुणाच्या लक्षात येत नाही. मग शेजारचा कुणी तरी "फॉरमॅट मारून घ्या" असं सुचवतो आणि त्यात वर्षानुवर्षांचे हिशेब, दाखले, फोटो जातात. हे नुकसान पूर्णपणे टळण्यासारखं आहे, म्हणून हे अनुभवाचे बोल.

१. आधी उजवीकडचा खालचा कोपरा बघा.

विंडोजच्या लॉगिनच्या पडद्यावर, नेटवर्क आणि पॉवरच्या चिन्हांजवळ, भाषेची एक छोटी खूण असते. संगणकावर एकापेक्षा जास्त कीबोर्ड लेआउट असतील तरच ती दिसते. इंग्रजी असेल तर तिथे 'ईएनजी' ही तीन इंग्रजी अक्षरं असतात. दुसरं काही दिसलं तर त्यावर क्लिक करा, किंवा विंडोजचं बटण दाबून धरून स्पेसबार दाबा, लेआउट बदलतो. त्यानंतर पासवर्डची चौकट पूर्ण रिकामी करून पहिल्यापासून टाइप करा. अर्धवट राहिलेली टिंबं तशीच ठेवून पुढे टाइप केलं तर पुन्हा चूकच येणार.

खात्री नसेल तर त्याच कोपऱ्यातल्या सुलभतेच्या चिन्हावरून पडद्यावरचा कीबोर्ड उघडा. त्याच्या बटणांवर चालू लेआउटची अक्षरं छापलेली दिसतात. क, प, त दिसले की प्रश्न तिथेच संपला. बहुतेक ठिकाणी चौकटीच्या टोकाला डोळ्याचं चिन्हही असतं. ते दाबून धरलं की टाइप केलेलं उघडं दिसतं.

२. बटणावर काय छापलंय त्याला संगणक विचारत नाही.

ही गोष्ट एकदा डोक्यात बसली की बाकी सगळं सोपं होतं. आपण बटण दाबतो तेव्हा कीबोर्ड फक्त 'अमुक जागेवरचं बटण दाबलं' एवढंच कळवतो. त्या जागेचं अक्षर कोणतं, हे लेआउट ठरवतो. इंग्रजी लेआउटवर डावीकडच्या वरच्या कोपऱ्यात क्यू असतो. मराठी इन्स्क्रिप्टमध्ये त्याच जागेवर औ-ची मात्रा येते.

एक उदाहरण देतो. समजा पासवर्ड इंग्रजी अक्षरांत 'केळवा' आहे: के, ई, एल, व्ही, ए. हीच पाच बटणं इन्स्क्रिप्ट चालू असताना दाबली, तर क, काना, त, न आणि ओ-ची मात्रा उमटते, म्हणजे 'कातनो'. टिंबं मात्र पाचच्या पाच. टाइप करणाऱ्याला वाटतं आपण बरोबर लिहिलंय, आणि बोटांच्या बाजूने बघितलं तर ते खरंही आहे.

इन्स्क्रिप्ट ही मांडणी केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये ठरवली. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. मांडणी उत्तम आहे, शिकायलाही फार वेळ लागत नाही. पण जुन्या डीटीपीवाल्यांना लॉगिनचा हा त्रास कधी झाला नाही, आणि त्यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. श्रीलिपीसारखी सॉफ्टवेअर लॉगिन झाल्यावर सुरू होत. शिवाय त्या काळच्या फॉन्टांत आतला संकेत इंग्रजी अक्षराचाच असे, वर फक्त मराठी चित्र चढवलेलं. युनिकोड आल्यावर मराठी अक्षराला स्वतःचा संकेत मिळाला आणि मराठी लेआउट थेट विंडोजचाच भाग झाला, म्हणून तो आता लॉगिनच्या दारापर्यंत पोचतो. मराठीची ही प्रगतीच आहे, तिच्याबरोबर आलेली ही एक अडचण नीट सोडवायला हवी इतकंच.

३. @ चिन्हाचा घोळ सगळ्यात फसवा.

आपल्याकडे पासवर्डचा एक ठरलेला साचा आहे: नाव, त्यापुढे @, त्यापुढे १२३. कार्यालयांत तर हा साचा सर्रास. आता कुणी तरी संगणक नव्याने बसवताना भाषा म्हणून युनायटेड किंग्डमची इंग्रजी निवडतो. त्याचा हेतू चांगला असतो, स्पेलिंग ब्रिटिश हवं, तारीख दिवस-महिना-वर्ष अशी हवी. पण त्या भाषेबरोबर ब्रिटिश लेआउट येतो. त्यात शिफ्ट धरून २ दाबलं की @ येत नाही, दुहेरी अवतरणचिन्ह येतं. @ जाऊन बसतं एंटरजवळच्या अवतरणचिन्हाच्या बटणावर. शिफ्ट आणि ३ मधून पाउंडाचं चिन्ह निघतं.

यात सगळी अक्षरं आणि आकडे जागच्या जागी असतात, म्हणून संशय येत नाही. कोपऱ्यातही 'ईएनजी'च दिसतं. त्याच्या खालची बारीक दुसरी ओळ वाचायची: 'आयएन' किंवा 'यूएस' असेल तर ठीक, 'यूके' असेल तर चोर सापडला. बोईसरच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळणारे काका मला सांगत होते, "अरे, माझं नाव बरोबर, आकडे बरोबर, तरी हा नको म्हणतो." मी त्यांना म्हटलं, "काका, @च्या ऐवजी ते एंटरजवळचं बटण शिफ्टसकट दाबून बघा." लगेच उघडला. मग आत जाऊन यूकेचा लेआउट काढून टाकला आणि भारताची इंग्रजी ठेवली. तिची मांडणी अमेरिकन कीबोर्डसारखीच आहे, आणि उजव्या ऑल्टबरोबर ४ दाबलं की रुपयाचं चिन्हही मिळतं. आपल्या बाजारात मिळणाऱ्या बहुतेक कीबोर्डांना तीच जुळते.

युरोपातून आलेले वापरलेले लॅपटॉप स्वस्तात घेणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं. जर्मन लेआउटमध्ये वाय आणि झेड यांची अदलाबदल असते. फ्रेंचमध्ये ए-क्यू आणि झेड-डब्ल्यू या जोड्या उलटतात, आणि आकड्यांसाठी शिफ्ट धरावी लागते. बटणांवर इंग्रजी स्टिकर चिकटवलेले असले तरी आतला लेआउट कोणता आहे ते विचारूनच पैसे द्या.

४. सकाळी उघडतो आणि जेवणानंतर उघडत नाही, तर कारण वेगळं.

संगणक बंद करून चालू केला तर लॉगिनला संपूर्ण यंत्रणेचा ठरलेला लेआउट येतो. नुसता लॉक केला तर पुष्कळदा आपण शेवटी वापरत असलेला लेआउटच समोर येतो. मराठीत ठराव लिहीत असताना जेवायला उठलात आणि स्क्रीन लॉक झाली, की परत आल्यावर पासवर्ड मराठीत उमटतो. वेळ कोणती, एवढं विचारलं तरी फोनवर अर्धं निदान होतं.

५. ऑल्ट आणि शिफ्ट ही जोडी बंद करा.

लेआउट सहसा आपोआप बदलत नाही, बोटं बदलतात. डावं ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबली गेली की विंडोज पुढच्या भाषेवर जातं. भराभर काम करताना ही बटणं नकळत दाबली जातात. सेटिंगमध्ये टायपिंगच्या भागात 'प्रगत कीबोर्ड सेटिंग' आहे, त्यात भाषा बदलण्याच्या शॉर्टकटची जागा आहे. तिथून ही जोडी काढून टाका. विंडोज-स्पेस राहू द्या, ती चुकून दाबली जाण्याचा संभव कमी आणि कोणती भाषा आली ते ती पडद्यावर दाखवते.

६. आतलं सेटिंग बाहेर न्यायला विसरू नका.

बरेच जण आत जाऊन लेआउट नीट करतात आणि दुसऱ्या दिवशी लॉगिनला पुन्हा तीच कटकट. कारण लॉगिनच्या पडद्याचं सेटिंग वापरणाऱ्याच्या सेटिंगपेक्षा वेगळं साठवलेलं असतं. भाषा आणि प्रदेशाच्या सेटिंगमध्ये 'प्रशासकीय भाषा सेटिंग' असा दुवा आहे. त्याने एक जुन्या धाटणीची छोटी खिडकी उघडते. तिथे 'कॉपी सेटिंग्ज'चं बटण आणि त्याखाली स्वागत-पडद्यासाठीचा चौकोन. आधी आत इंग्रजी पहिली आणि मराठी दुसरी असा क्रम लावायचा, मग त्या चौकोनात खूण करून ओके करायचं आणि संगणक रीस्टार्ट करायचा. 'शट डाउन' करून पुन्हा चालू करणं म्हणजे रीस्टार्ट नव्हे. फास्ट स्टार्टअपमुळे शट डाउनमध्ये यंत्रणेचा काही भाग झोपवून ठेवलेला असतो.

लिनक्सवर उबुंटू किंवा डेबियन असेल तर यंत्रणेच्या कीबोर्ड-फाइलमध्ये अमेरिकन इंग्रजी पहिली आणि भारतीय लेआउट दुसरा हाच क्रम ठेवावा. डिस्क कूटबद्ध केलेली असेल तर बदलानंतर सुरुवातीची बूट-प्रतिमाही नव्याने बनवावी लागते, नाही तर डिस्कचा पासवर्ड विचारणारा पडदा जुनाच लेआउट धरून बसतो.

७. मराठी काढून टाकू नका.

हे मला कळकळीने सांगायचं आहे. लॉगिन अडलं की दुरुस्तीला येणारा माणूस पुष्कळदा सोपा मार्ग घेतो: मराठी भाषाच काढून टाकतो आणि "आता परत होणार नाही" असं सांगून जातो. एका कार्यालयात काम करणाऱ्या ताईंनी इन्स्क्रिप्ट मन लावून शिकलं होतं. सभेचा अजेंडा, इतिवृत्त, नोटिसा त्या स्वतः टाइप करायच्या, बटणांकडे न बघता. त्यांच्या संगणकावरचं मराठी असंच कुणी तरी काढलं. पुढच्या खेपेला मी गेलो तर त्या नोटीस हाताने लिहून पालघरला टायपिंगच्या दुकानात पाठवत होत्या. मला म्हणाल्या, "भाऊ, मराठी ठेवलं की कॉम्प्युटर बिघडतो म्हणाले, म्हणून नको म्हटलं."

मराठीमुळे संगणक बिघडत नाही. क्रम चुकलेला असतो, तो लावायला चहा निवायच्या आत उरकेल एवढंच काम असतं. सरकारी लिपिक-टंकलेखक व्हायला मराठी टंकलेखनाचा मिनिटाला ३० शब्दांचा वेग लागतो. आमच्या गावांतली मुलंमुली त्यासाठी लोकल पकडून क्लासला जातात. ती नोकरीला लागतील तिथल्या यंत्रावर मराठी नसेल तर त्या मेहनतीचं काय? मी त्या ताईंचं मराठी परत घातलं, क्रम लावला, कॉपी सेटिंग केलं आणि त्यांच्याकडूनच लॉक-अनलॉक करवून घेतलं. दुरुस्ती पूर्ण झाली का, हे वापरणाऱ्याच्याच हातून बघावं.

८. ए, १, बी, २, सी, ३.

पिन काही वेळा चुकला की विंडोज ही सहा चिन्हं टाइप करायला सांगतं. अनेक जण इथे घाबरतात, त्यांना वाटतं आता संगणक कायमचा बंद झाला. ही फक्त खात्री असते की माणूस शुद्धीवर टाइप करतोय. पण लेआउट मराठी असेल तर 'ए' उमटणारच नाही आणि गाडी तिथेच अडते. या चौकटीचा फायदा असा, की इथली अक्षरं टिंबांमागे लपत नाहीत, म्हणून लेआउट कोणता आहे ते उघड दिसतं. विंडोज-स्पेस दाबा आणि पुढे जा.

इथे घाई मात्र करू नका. विंडोज ११च्या अलीकडच्या आवृत्त्यांत दहा चुकीच्या प्रयत्नांनंतर खातं काही मिनिटांसाठी कुलूपबंद होतं. दोनदा चुकलं की हात थांबवून आधी कोपरा बघावा.

९. कधी कधी दोष खरोखर बटणांचा असतो.

आमचा किनारपट्टीचा भाग. खारी हवा, पावसाळ्यात चार महिने ओल. शिफ्ट किंवा कॅप्सलॉक अडकून बसणं इथे नवीन नाही. घरात असेल तो दुसरा यूएसबी कीबोर्ड लावून बघा, त्याने उघडलं तर लेआउटशी झुंजायचं कारण नाही. जुन्या लहान लॅपटॉपवर नमलॉकही बघा. तो चालू असेल तर जे, के, एल मधून १, २, ३ आणि यू, आय, ओ मधून ४, ५, ६ निघतात. उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबून धरली गेली तर 'फिल्टर की' चालू करण्याचा प्रश्न येतो. त्याला नकळत 'हो' म्हटलं गेलं की झटकन दाबून सोडलेली बटणं संगणक मोजतच नाही. वयस्कर मंडळींच्या बाबतीत हे जास्त घडतं.

बोईसरच्या कंपन्यांत आणखी एक प्रकार दिसतो. सॉफ्टवेअरवाला दुसऱ्या गावातून रिमोट डेस्कटॉपने जोडतो आणि त्याच्या संगणकाचा लेआउट इकडच्या सत्रात येऊन बसतो. न घातलेली गुजराती यादीत दिसली तर ती बहुधा अशी आलेली असते.

१०. ४८ आकडे कागदावर ठेवा.

नव्या लॅपटॉपवर विंडोज ११ डिस्क आपोआप कूटबद्ध करतं. एखादं मोठं सेटिंग बदललं की निळ्या पडद्यावर बिटलॉकरची, म्हणजे या कूटबद्ध डिस्कची, ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती नसेल तर डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला लावूनही काही हाती लागत नाही. ही की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सापडते. आजच ती छापून संस्थेच्या कपाटात, महत्त्वाच्या कागदांबरोबर ठेवा, संगणकाच्या पिशवीत नको. आणि आकड्यांची ओळ चालत नसली तरी त्या पडद्यावर वरची एफ-बटणं चालतात: एफ १ ते एफ ९ म्हणजे १ ते ९, आणि एफ १० म्हणजे शून्य.